काळ्याची पहिली खेळी

बुद्धिबळाच्या पटावर समता नाही. सोंगट्या सारख्या, घरं सारखी, घड्याळातली मिनिटंही सारखी. पण पहिली खेळी पांढऱ्याची. एवढ्याशा गोष्टीची किंमत केवढी, ते मोठ्या स्पर्धांमधले हजारो डाव एकत्र मोजले की दिसतं. पांढऱ्याच्या वाट्याला सुमारे ५४-५५ टक्के गुण जातात आणि काळ्याच्या वाट्याला उरलेले येतात. म्हणजे काळी मोहरी घेऊन बसणारा माणूस डाव सुरू व्हायच्या आधीच थोडासा कर्जात असतो. त्यामुळे त्याला सगळे एकच सल्ला देतात : बाबा रे, नीट वाग, पुस्तकातलं खेळ, आधी बरोबरी साध आणि मग काय ते बघ.

सल्ला चांगला आहे. मी मात्र तो पाळत नाही.

पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, म्हणजे ई४ केलं, की त्याला शिष्टसंमत उत्तरं चार-पाचच आहेत. ई५, सी५, ई६, सी६ वगैरे. प्रत्येकावर कपाटं भरतील एवढं लिहून झालंय. मी काय करतो, तर उजव्या कडेचं, हत्तीसमोरचं प्यादं उचलतो आणि गुपचूप एक घर पुढे ठेवतो. ए६. समोरचा आधी पटाकडे बघतो, मग माझ्याकडे. काही जण हसतात. एका गृहस्थांनी तर मला काळजीनं विचारलं होतं, "तुम्हाला तब्येतीचा काही त्रास वगैरे होत नाही ना?"

खेळताना मी बऱ्याचदा हरतो, बऱ्याचदा जिंकतोही. माझ्यासारख्या रविवारच्या खेळाडूच्या हारजितीला फारसं महत्त्व नाही. पण 'काळ्यानं असं काही विचित्र खेळावं का' या प्रश्नाला महत्त्व आहे असं मला वाटतं आणि तो प्रश्न फक्त बुद्धिबळाचा आहे असंही वाटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी ती खेळी कुठून आली ते सांगतो, कारण ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे सगळं माझ्याच डोक्यातलं खूळ वाटेल.

साल १९८०. स्वीडनमधलं स्कारा नावाचं गाव. युरोपियन सांघिक स्पर्धा चालू होती. पांढरी मोहरी अनातोली कार्पोव्हकडे. तेव्हाचा जगज्जेता. समोरच्याला फारसं काही करूच न देता, हळूहळू श्वास कोंडून जिंकणारा माणूस. काळी मोहरी इंग्लंडच्या टोनी माइल्सकडे. कार्पोव्हनं ई४ केलं. माइल्सनं ए६ केलं. सभागृहात हशा पिकला असं सांगतात. जगज्जेत्यासमोर, सांघिक स्पर्धेत, पहिल्याच खेळीला हे! दुसऱ्या खेळीला माइल्सनं शेजारचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, बी५. तिसऱ्या खेळीला उंट बी७ वर.

आता जरा थांबून बघा. वरवर पोरखेळ वाटतो, पण त्यात अर्थ आहे. बी७ वरचा उंट लांबच्या कर्णावरून थेट पांढऱ्याच्या ई४ वरच्या प्याद्यावर डोळा ठेवून असतो. बी५ चं प्यादं वजिराच्या बाजूला जागा अडवतं. पुढे सी५ करून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्याला धक्का द्यायचा. म्हणजे पटाचा मध्य काळ्यानं सोडून दिलेला नाही. त्यानं तो फक्त उधारीवर दिलाय, वसुली नंतर. माइल्सनं नेमकं तेच केलं. सहाव्या खेळीला सी५ आलं, प्यादी मारली गेली आणि डाव एका साध्या, लढण्याजोग्या स्थितीत येऊन पोचला. कार्पोव्हनं राजावर हल्ल्याची तयारी केली, घोडा आणि उंट तिकडे वळवले. माइल्सनं आधी आपला राजा सांभाळला आणि चोविसाव्या आणि पंचविसाव्या खेळीला वजिरानं लागोपाठ दोन प्यादी खाल्ली. कार्पोव्हला बदल्यात एक मिळालं. मग वजिरावजिरी झाली, काळ्याकडे एक प्यादं जास्त आणि दोन उंट. पुढे वीस खेळ्या काही घाईगडबड नाही. शेहेचाळिसाव्या खेळीनंतर जगज्जेत्यानं डाव सोडला.

या डावाची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथेच थांबतात आणि 'बघा, ए६ नं कार्पोव्हला हरवलं' असं म्हणतात. मला हे साफ नामंजूर आहे. ए६ नं कुणालाही हरवलं नाही. हरवलं ते माइल्सनं. तो १९७६ साली ग्रँडमास्टर झालेला, आपल्या देशातल्या पहिल्यांपैकी एक, अव्वल दर्जाचा खेळाडू होता. ए६ नं फक्त एक काम केलं. कार्पोव्हचं पाठ केलेलं सगळं ज्ञान पहिल्या खेळीलाच बाजूला ठेवायला लावलं. दुसऱ्या खेळीपासून दोघेही आपापल्या पायांवर उभे होते. मला हवं असतं ते एवढंच. जिंकण्याची हमी कोणीच देत नाही, पण स्वतः विचार करण्याची सक्ती मात्र दोघांवरही होते.

आता कोणी म्हणेल की हे साहेबांचे थेर आहेत, आपला काय संबंध? तर संबंध आहे आणि चांगलाच जुना आहे.

आपल्याकडच्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं. त्यामुळे आपल्या जुन्या खेळाडूंना मध्यावर धावून जायची सवयच नव्हती. ते बाजूनं, दबकत, घर सजवत यायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता. तो युरोपातल्या उत्तम खेळाडूंमध्ये गणला जाई. त्याला महेशचंद्र बॅनर्जी नावाचा एक बंगाली खेळाडू भेटला आणि दोघांचे शेकडो डाव झाले. महेशचंद्रांनी विलायती नियम शिकून घेतले, पण देशी सवय सोडली नाही. काळ्या मोहऱ्या घेऊन ते घोडा बाहेर काढायचे, जी६ करून उंटाला कोपऱ्यातल्या कर्णावर बसवायचे, मध्य पांढऱ्याला देऊन टाकायचे आणि मग त्यावर बाजूनं मारा करायचे. तेव्हाच्या युरोपियन नजरेला हे सगळं अडाणीपणाचं वाटणार यात नवल नाही.

गंमत पुढे आहे. १८५५ सालच्या एका डावात महेशचंद्रांनी कॉक्रेनच्या डी४ ला घोडा एफ६, मग जी६ आणि मग डी५ अशी उत्तरं दिली. हाच खेळ १९२२ साली एर्न्स्ट ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूनं मोठ्या स्पर्धांत आणला आणि त्याला नाव पडलं 'ग्रुनफेल्ड डिफेन्स'. पुढे कास्पारोव्हसारख्या जगज्जेत्याचं ते आवडतं हत्यार झालं. आणि 'किंग्ज इंडियन', 'क्वीन्स इंडियन' या नावांतलं 'इंडियन' महेशचंद्रांच्याच जातीच्या खेळण्यावरून आलं असं मानलं जातं. म्हणजे जगभर आज जी खेळी शिष्टसंमत आहे ती कधीकाळी एका बंगाली माणसाची विचित्र खोड होती. पासष्ट-सत्तर वर्षं थांबावं लागलं, एवढंच.

मग सगळ्याच विचित्र खेळ्या उद्याच्या थोर खेळ्या असतात का? छे! बहुतेक विचित्र खेळ्या विचित्र असतात कारण त्या वाईट असतात. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. नाहीतर आपण 'उंटावरचे शहाणे' व्हायचो (बुद्धिबळात हा धोका जरा जास्तच).

ए६ च्या विरुद्ध जे म्हणतात त्यांचं म्हणणं थोडक्यात असं आहे. एक, मध्य सोडून दिला की पांढऱ्याला मोकळी जागा मिळते. दोन, सोंगट्या बाहेर काढायच्या वेळी कडेचं प्यादं हलवणं म्हणजे एक खेळी फुकट. तीन, आजचं स्टॉकफिशसारखं इंजिन लावलं तर ते पहिल्याच खेळीनंतर पांढऱ्याचं पारडं नेहमीपेक्षा स्पष्ट जड दाखवतं. तिन्ही मुद्दे खरे आहेत. मी यातल्या एकाचाही इन्कार करत नाही.

फक्त माझं म्हणणं असं की हा आकडा कुणासाठी आहे ते बघा. इंजिन सांगतं की पांढरा यापुढे अचूक खेळला तर त्याची बाजू एवढी वरचढ. अचूक! रविवारी दुपारी जेवण करून आलेली दोन माणसं वीस-वीस मिनिटांच्या घड्याळावर खेळताना एकमेकांना हत्ती बहाल करतात, तिथे अर्ध्या प्याद्याच्या फरकानं काय होणार आहे? त्या पातळीवर डाव ठरतो तो 'या स्थितीत काय करायचं हे कुणाला जास्त कळतं' यावर. आणि जो दहा वेळा ए६ खेळलाय त्याला ते समोरच्यापेक्षा नक्कीच जास्त कळतं. मोठ्या खेळाडूंच्या जगात हिशोब वेगळा असेल. पण आपण तिथे राहत नाही.

इथे एक महत्त्वाचा फरक सांगितला पाहिजे, कारण आजकाल त्याचा फार गोंधळ झालाय. विचित्र खेळी आणि सापळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदाहरण देतो. पांढऱ्यानं डी४ केलं की काळ्यानं ई५ करून प्यादं फुकट द्यायचं, अशी एक चाल आहे. तिला 'एंग्लंड गँबिट' म्हणतात. इंटरनेटवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळणाऱ्या पोरांमध्ये ती भलतीच लोकप्रिय आहे. पांढरा प्यादं खातो, काळा घोडा काढतो, मग वजीर ई७ वर, तिथून बी४ वर शह आणि मग बी२ चं प्यादं खायचं. आता पांढऱ्यानं घाबरून उंट सी३ वर ठेवला की खलास, काळ्याचा उंट बी४ वर येतो आणि पुढे बेसावध राहिलात तर सी१ वर मात होते. पण त्याच क्षणी पांढऱ्यानं उंटाऐवजी घोडा सी३ वर काढला तर? तर काळ्याची अवस्था दयनीय. वजीर एकटाच शत्रूच्या घरात अडकलेला, बाकीची फौज घरी झोपलेली.

हे खेळणं म्हणजे समोरच्याला हे माहीत नसेल यावर पैज लावणं. तो चुकला तर तुम्ही जिंकता, पण शिकत काहीच नाही. तो नाही चुकला तर हरता आणि तेव्हाही काही शिकत नाही. माझा आक्षेप विचित्रपणाला नाही, या परावलंबीपणाला आहे. घोकून ठेवलेला सापळा आणि घोकून ठेवलेली वीस खेळ्यांची शिष्टसंमत मालिका या दोन्ही माझ्या लेखी चुलतबहिणीच. दोन्हींत पटाकडे बघायची गरज पडत नाही.

म्हणून मी स्वतःपुरत्या तीन कसोट्या ठरवल्या आहेत.

पहिली. आपल्या खेळीला काय हवंय ते एका साध्या वाक्यात सांगता आलं पाहिजे. "उंटाला कर्णावर आणायचं आणि ई४ वर दाब द्यायचा" हे वाक्य झालं. "समोरचा गोंधळेल" हे वाक्य नव्हे, ती प्रार्थना झाली.

दुसरी. समोरच्यानं उत्तमातलं उत्तम उत्तर दिलं तरी आपल्याला खेळता आलं पाहिजे. जिंकता नव्हे, खेळता. थोडी अडचणीची जागा चालेल, पण घर पेटलेलं नको.

तिसरी. ती खेळी पुन्हा पुन्हा खेळली पाहिजे. एकदाच केली तर तो चमत्कार किंवा फजिती. तीस वेळा केली की तो आपला अभ्यास होतो. हरलेल्या प्रत्येक डावाला घरी आणून, बसवून, विचारपूस केली पाहिजे.

थोर लोकही याच वाटेनं गेले आहेत असं मला दिसतं. १९७२ सालच्या रेक्याविकच्या त्या गाजलेल्या लढतीत तेराव्या डावात बॉबी फिशरनं स्पास्कीच्या ई४ ला 'अलेखाइन डिफेन्स' खेळून उत्तर दिलं. म्हणजे पहिल्याच खेळीला घोडा काढायचा आणि पांढऱ्याला म्हणायचं, ये, प्यादी पुढे टाकून त्याला पळव. फिशर एरवी ई४ ला सिसिलियनच खेळायचा. पण त्या दिवशी तो हे खेळला आणि ७४ खेळ्यांची झुंज देऊन जिंकला.

२००० साली लंडनमध्ये क्रामनिकनं कास्पारोव्हसमोर काळ्या मोहऱ्यांनी 'बर्लिन डिफेन्स' काढला. एकोणिसाव्या शतकातली, अडगळीत पडलेली गोष्ट. त्यात वजीर लवकर पटावरून जातात आणि काळ्याला किल्लेकोटही करता येत नाही. कोण खेळेल असलं? क्रामनिक त्या लढतीत चार वेळा खेळला, चारही डाव बरोबरीत सुटले. कास्पारोव्हसारख्या आक्रमक माणसाला पांढऱ्या मोहऱ्यांनी एकही डाव जिंकता आला नाही आणि त्याचं जगज्जेतेपद गेलं. आज बर्लिन डिफेन्सला कोणी हसत नाही. उलट कंटाळा आला म्हणतात!

आणि आपल्या आनंदचं उदाहरण तर मला फार जवळचं वाटतं. १९९५ साली न्यू यॉर्कला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर, कास्पारोव्हविरुद्ध जगज्जेतेपदाची लढत होती. नववा डाव आनंदनं जिंकला. मग कास्पारोव्हनं दहावा घेतला आणि अकराव्या आणि तेराव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी 'ड्रॅगन' खेळून दोन्ही मारले. हा त्याचा नेहमीचा खेळ नव्हता. चौदाव्या डावात आनंदची पाळी होती काळ्याची. त्यानं ई४ ला डी५ केलं. 'स्कँडिनेव्हियन'! जगज्जेतेपदाच्या लढतीत हे म्हणजे लग्नाच्या पंगतीत झुणका-भाकर वाढण्यासारखं. आणि गंमत म्हणजे सुरुवातीच्या खेळ्यांतून आनंद छान बाहेर पडला, त्याची स्थिती चांगली होती. पुढे मात्र डाव हातातून गेला आणि तो हरला.

मला या डावातून जे कळतं ते असं. ओपनिंग तुम्हाला दारापर्यंत सोडतं, घरात जायचं तुमचं तुम्ही. विचित्र ओपनिंगचंही तेच आणि सरळमार्गी ओपनिंगचंही. आनंद हरला म्हणून डी५ वाईट ठरत नाही आणि माइल्स जिंकला म्हणून ए६ चांगलं ठरत नाही. निकालावरून खेळीची लायकी ठरवायची सवय आपल्याला लागलीय, ती बुद्धिबळाइतकीच बाहेरही घातक आहे.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो.

आमच्या सोसायटीत एक मुलगी आहे, बारा वर्षांची. हुशार. तिला क्लास लावला होता, चांगला क्लास, चांगले सर. आपल्याकडे आता असे क्लास पुष्कळ आहेत आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवल्यापासून मुलींच्या आईवडिलांचाही उत्साह वाढलेला दिसतो. छानच आहे ते. तर या मुलीला सरांनी काळ्या मोहऱ्यांसाठी दोन ओपनिंगच्या फाइली दिल्या होत्या. एकेक मालिका अठरा-वीस खेळ्यांची. ती तिनं पाठ केली, शाळेतल्या पाढ्यांसारखी. आणि एक दिवस तिनं जाहीर केलं की मला बुद्धिबळ सोडायचंय.

तिच्या आईनं मला सांगितलं, "तुम्ही जरा बोला तिच्याशी, तुमचं ऐकेल." मी काही फार बोललो नाही. पट मांडला आणि विचारलं, "काय झालं गं?"

ती म्हणाली, "काका, माझी स्वतःची खेळी येईपर्यंत डाव संपलेला असतो."

बारा वर्षांच्या मुलीनं एका वाक्यात सगळं प्रकरण मांडलं. मी एवढी पानं खरडूनही मला ते तसं जमलेलं नाही.

मी तिला ए६ दाखवलं. ती लगेच म्हणाली, "पण सर म्हणतात कडेचं प्यादं हलवणं म्हणजे वेळ फुकट." मी म्हटलं, "सर बरोबर सांगतात. आता तू सांग, वेळ फुकट गेला असेल तर तो भरून कसा काढायचा?" ती पटाकडे बघत बसली. बराच वेळ. त्या दिवशी ती हरली. पुढच्या रविवारीही हरली. पण प्रत्येक वेळी हरल्यावर ती "परत" म्हणत होती आणि "इथे तुम्ही उंट का मागे घेतला?" असं विचारत होती. फाइल पाठ करताना तिनं कधी 'का' विचारलं नव्हतं. विचारायची सोयच नव्हती, पुढची खेळी लिहिलेलीच होती ना!

तिच्या सरांना मी दोष देणार नाही. त्यांना स्पर्धा जिंकून दाखवायच्या असतात, पालक निकाल मागतात. आणि नवख्या मुलानं आधी सरळ खेळ शिकावा, मध्य धरावा, सोंगट्या काढाव्यात, किल्लेकोट करावा, हे मलाही शंभर टक्के मान्य आहे. नियम माहीत नसताना नियम मोडणं याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत, गोंधळ म्हणतात. माझं मागणं एवढंच आहे की महिन्यातून एखादा डाव तरी असा असू द्या जिथे पोरांना पहिल्या खेळीपासून स्वतःच्या डोक्यानं चालावं लागेल. तिथे हरले तर कोणी रागावू नये आणि जिंकले तर कोणी 'फालतू ओपनिंगनं जिंकला' म्हणून नाक मुरडू नये.

हा रोग नवीन नाही. खुद्द फिशरला पाठांतराचा एवढा उबग आला की १९९६ साली त्यानं मागच्या रांगेतल्या सोंगट्या चिठ्ठ्या टाकून मांडायचा एक प्रकार जाहीर केला. त्यात सुरुवातीच्या ९६० मांडण्या होऊ शकतात, म्हणून त्याला 'चेस ९६०' म्हणतात. आज मोठमोठे खेळाडू तो खेळतात, त्याच्या स्पर्धा होतात. औषध जालीम आहे, पण त्यासाठी खेळच बदलावा लागतो. माझं औषध गावठी आहे. खेळ तोच, पट तोच, फक्त एक प्यादं एक घर पुढे.

आणि हे काळ्यानंच करण्यात खरी मजा आहे. पांढऱ्यानं विचित्र खेळणं ही चैन आहे. त्याच्या हातात एक खेळी जास्तीची असते, त्यातली थोडी उधळली तरी तो फार तर बरोबरीवर येतो. काळा आधीच एक पाऊल मागे असतो. त्यानं वाट सोडायची म्हणजे खिशात मोजके पैसे असताना अनोळखी गावात उतरणं. त्याला हिशोब ठेवावा लागतो, प्रत्येक खेळीचा. त्याची विचित्र खेळी म्हणूनच जास्त जबाबदारीची असते.

शिवाय हसू सहन करावं लागतं. ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाही. आपण लहानपणापासून एकच धडा गिरवलेला असतो, की लोक हसतील असं काही करू नये. प्रश्नाचं उत्तर गाईडमधलं, नोकरी सगळे करतात ती, खेळी फाइलमधली. त्यात सुरक्षितता आहे, कारण हरलात तरी कोणी तुम्हाला वेडा म्हणत नाही. पुस्तकातलं खेळून हरणारा बिचारा ठरतो. ए६ खेळून हरणारा मूर्ख ठरतो. पराभव तोच, पण दुसऱ्यात तो सगळाच्या सगळा तुमच्या नावावर जमा होतो. मला वाटतं, म्हणूनच तो खेळण्यासारखा आहे. ज्या डावातला पराभव पूर्ण आपला असतो, त्या डावातला विचारही पूर्ण आपला असतो.

उद्या इंजिनं आणखी हुशार होतील. ए६ ला आज जेवढं वाईट म्हणतात त्याहून वाईट म्हणतील, किंवा कदाचित महेशचंद्रांच्या जी६ सारखं त्याचंही नशीब उघडेल. मला दोन्हींनी फरक पडत नाही. आपल्यासारख्यांना बुद्धिबळ जगज्जेते होण्यासाठी खेळायचं नसतं. आठवड्यातले दोन तास दुसऱ्या कोणी आधीच करून ठेवलेला नाही असा विचार करायला मिळावा, यासाठी ते खेळायचं असतं. ते दोन तासही पाठांतराला देऊन टाकले तर मग राहिलं काय?

असो. प्रत्येकानं ए६ च खेळावं असा माझा आग्रह मुळीच नाही. तसं झालं तर त्याचीही फाइल निघेल, त्याचाही क्लास निघेल आणि मला दुसरं प्यादं शोधावं लागेल.